पत्रा, मजुरी आणि निर्वाहाचे माप
(बऱ्हाणपूर परिसरातील एका कारागिरीचा आर्थिक इतिहास)

बऱ्हाणपूरचा इतिहास आजवर प्रामुख्याने तख्ताचा आणि तटबंदीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. फारुकी सुलतानांची राजधानी, १६०१ साली असीरगड पडल्यानंतर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे, १६३१ साली मुमताजमहलचा मृत्यू जिथे झाला ते शहर, दक्षिणेच्या स्वाऱ्यांचे उंबरठ्याचे गाव या नात्यांनी त्याची ओळख अभ्यासकांना आहे. तापीच्या काठावरील भूमिगत जलव्यवस्था, जरीचे कापड आणि दख्खनच्या वाटेवरचा व्यापार यांविषयीही पुष्कळ लेखन झाले. परंतु या शहरात आणि त्याच्या भोवतालच्या जसोंडीसारख्या गावांत हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाला दिवसाकाठी काय मिळत होते, आणि जे मिळत होते त्यात त्याचे घर कितपत चालत होते, हा प्रश्न बहुधा तळटीपेतच राहिला. वास्तविक कोणत्याही नगरीचे खरे वैभव तिच्या कारागिराच्या ताटात मोजले पाहिजे.

या दृष्टीने पत्राकाम करणाऱ्या कारागिराचे उदाहरण विशेष बोलके आहे. लोहार, सुतार, कुंभार यांच्याइतका तो जुना नाही. गिरणीकामगाराइतका तो संघटितही नाही. गावगाड्यात त्याला वाटा नव्हता आणि कारखान्यांच्या कायद्यांत त्याला पुरते स्थान मिळाले नाही. या दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत त्याचे आयुष्य गेले. म्हणूनच मजुरी आणि महागाई यांचे नाते तपासावयाचे तर त्याच्याइतका निखळ साक्षीदार दुसरा सापडणे कठीण.

बलुत्याबाहेरचा कारागीर

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आणि तत्पूर्वीच्या इंग्रजी अंमलदारांच्या लेखनात बारा बलुतेदारांची जी व्यवस्था दिसते, तिचे मर्म असे की कारागिराचा मोबदला पिकाच्या राशीत बांधलेला होता. लोहाराने वर्षभर नांगराचा फाळ पाजवावा, कुळव-विळे दुरुस्त करावेत आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून ठरलेले धान्य उचलावे. या व्यवस्थेत अन्याय होते, मानापमान होते, जातीची कठोर उतरंड होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि तिचा एक गुण अर्थशास्त्राच्या दृष्टीने ध्यानात घेतला पाहिजे. ज्याचा मोबदला धान्यातच मिळतो त्याला धान्य महाग झाल्याची झळ थेट पोचत नाही. दुष्काळात तो शेतकऱ्याबरोबर उपाशी राहतो. पण पीक बरे असताना केवळ भाव चढले म्हणून त्याचे ताट रिकामे होत नाही.

पत्रेवाल्याला हे कवच कधीच लाभले नाही. तांबट आणि कासार हे धातूचे जुने कारागीर. पण तेही प्रामुख्याने पेठेचे रहिवासी, आणि त्यांचा व्यवहार रोख पैशाचा किंवा मोडीच्या बदल्याचा. पातळ लोखंडी पत्रा, त्यावर कथलाचा किंवा जस्ताचा मुलामा, आणि त्यापासून केलेल्या वस्तू हा प्रकार तर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आणि रॉकेल यांच्याबरोबर आला. निमाडचा बऱ्हाणपूर परगणा १८६०च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा हा मार्ग तयार झाला आणि १८७० साली तो जबलपुरास भिडून मुंबई कलकत्त्याशी जोडली गेली. या मार्गाने कापूस बाहेर गेला आणि कौले, पत्रे, रॉकेलचे चौकोनी डबे आत आले.

रॉकेलचा रिकामा डबा हा या धंद्याचा खरा कच्चा माल. तो उकलून सपाट करावा, कात्रीने कापावा, ऐरणीवर मोगरीने वाकवावा, कडा दुमडून सांधावा आणि कथलाचा डाग द्यावा, की त्यातून चिमणी, नरसाळे, मापटे, झारी, पेटी, काय हवे ते निघे. पुढे जस्ती पत्र्याच्या बादल्या, घराच्या वळचणीखालील पन्हळी, लग्नातल्या ट्रंका, धान्याच्या कोठ्या यांची त्यात भर पडली. अलीकडच्या दशकांत उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या पेट्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर छपराचे पत्रे हे या कामाचे दोन हंगाम झाले. बऱ्हाणपूर हे दाऊदी बोहरा समाजाचे श्रद्धास्थान आणि मोठी पेठ. पश्चिम आणि मध्य भारतातील अनेक गावांप्रमाणे इथेही लोखंडी सामान आणि पत्रा यांच्या व्यापारात या समाजाचा वाटा मोठा.

सारांश, हा कारागीर जन्मापासूनच रोखीच्या बाजारात उभा होता. ज्या दिवशी काम त्या दिवशी दाम, आणि त्या दामात जे धान्य येईल तेच त्याचे बलुते. त्यामुळे मजुरीचा आकडा आणि बाजारभावाचा आकडा या दोहोंमधील अंतर हाच त्याच्या आयुष्याचा इतिहास ठरला.

दाम आणि मण

मजुरी आणि भाव यांची शेजारी शेजारी केलेली सर्वांत प्रसिद्ध जुनी नोंद अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या या ग्रंथात बादशाही बांधकामांवरील रोजंदारीचे दर आणि धान्याचे भाव दोन्ही दिले आहेत. पहिल्या प्रतीच्या सुताराला दिवसाला ७ दाम, सर्वांत खालच्या प्रतीच्या माणसाला २ दाम. चाळीस दामांचा रुपया. ज्वारीचा भाव मणाला १० दाम, गव्हाचा १२, तुपाचा १०५. अकबरी मण आजच्या सुमारे २५ किलोंचा.

हा हिशेब मांडला की काही गोष्टी स्पष्ट होतात. दोन दाम मिळविणारा मजूर एका दिवसाच्या कमाईत सुमारे ५ किलो ज्वारी घेऊ शकत असे. एक किलो तुपासाठी मात्र त्याला दोन दिवसांहून अधिक राबावे लागे. पहिल्या प्रतीच्या सुताराची रोजची कमाई सुमारे साडेसतरा किलो ज्वारीची होती. कुशल आणि अकुशल यांच्यातील अंतर साडेतीन पटींचे होते. कौशल्याला मोठे मोल होते आणि नुसत्या अंगमेहनतीला फार थोडे.

मात्र या आकड्यांविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि तीच पुढील सर्व विवेचनाचे सूत्र आहे. हे भाव बादशाही छावणीभोवतीच्या बाजाराचे आहेत, बऱ्हाणपूरचे नव्हेत. १६३० साली पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून आग्र्यास जाताना गुजरात-खानदेशातील भीषण दुष्काळात बऱ्हाणपूरवरून गेला. त्याने पाहिलेल्या वाटेवर माणसे अन्नावाचून मरत होती. अशा वर्षी आग्र्याच्या दरपत्रकात ज्वारी किती दामांना होती याला तापीकाठच्या कारागिराच्या लेखी काहीच अर्थ नव्हता. मजुरी जिथे मिळते तिथेच भाव मोजला नाही, तर आकडा खरा असूनही हिशेब खोटा ठरतो.

निर्देशांकाचा जन्म

निर्वाहाचा खर्च शास्त्रशुद्ध रीतीने मोजण्याची निकड पहिल्या महायुद्धाने निर्माण केली. १९१४ ते १९२० या काळात कापड, धान्य आणि रॉकेल यांचे भाव भडकले. मजुरी मागे राहिली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतून लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले आणि पुढील वर्षी पुन्हा संप झाला. या अस्वस्थतेतून मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले. जी. फिंडले शिरास हे त्याचे पहिले संचालक. जुलै १९१४चा खर्च १०० धरून मुंबईतील कामगाराच्या निर्वाहाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. ऑक्टोबर १९२० मध्ये तो १९३ पर्यंत चढला होता असे त्या मोजणीत दिसून आले. म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्याचे घर २० रुपयांत चालत होते त्याला आता ३८ रुपयांहून अधिक लागत होते.

त्याच कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे हिशेब तपासून निघालेले निष्कर्ष आजही विचार करावयास लावतात. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये होते. खर्चातील ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर आणि ७.४ टक्के जळण व दिवाबत्तीवर जात होते. या पाहणीतील एक निष्कर्ष विशेष गाजला: मुंबईच्या कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी कामांवर ठरविलेल्या कमाल शिध्याएवढे होते, परंतु तुरुंगातील कैद्याला नियमाने मिळणाऱ्या आहारापेक्षा कमी होते. सरकारी अहवालाने सरकारच्याच तुरुंगाशी केलेली ही तुलना कोणत्याही सभेतील भाषणापेक्षा अधिक प्रभावी होती.

बऱ्हाणपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात, निमाड जिल्ह्यात होते. राजधानी नागपूर. १९२०च्या दशकाच्या अखेरीस या प्रांतासाठी नागपूर आणि जबलपूर येथील निर्देशांक काढले जाऊ लागले. पुढे ऑगस्ट १९३९ हा पाया धरून शेजारच्या जळगावचाही निर्देशांक निघू लागला. अकोल्याचा हिशेबही दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. १९०६ साली स्थापन झालेली ताप्ती मिल बऱ्हाणपुरात होती, हजारो माणसे तिच्यावर अवलंबून होती. तरीही निर्वाहाचे माप मात्र दूरच्या शहरात ठरत होते. आग्र्याच्या जागी नागपूर आले, एवढाच फरक.

रेल्वे, गिरणी आणि महागाई भत्ता

पत्राकाम करणाऱ्यांपैकी एक वर्ग यांत्रिक उद्योगात शिरला. सूतगिरणीत पेळू साठविण्याचे उंच डबे, यंत्रांची आवरणे, हवा खेळविण्याच्या नळ्या हे सारे पत्र्याचेच काम. रेल्वेच्या कारखान्यांत तर टिनस्मिथ ही स्वतंत्र कारागिरी मानली गेली: कंदील, तेलाचे डबे, डब्यांच्या छपरांची दुरुस्ती हे त्याचे क्षेत्र. गावातला पत्रेवाला आणि रेल्वेतला टिनस्मिथ यांच्या हातातील कात्री आणि मोगरी सारखीच होती. दुसऱ्या महायुद्धाने मात्र त्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या केल्या.

युद्ध सुरू होताच भाव चढले आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कामगारांनी महागाई भत्त्याची मागणी केली. १९४० साली बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले गेले. महागाईची भरपाई कोणाला, किती आणि कोणत्या मापाने द्यावी याचा पद्धतशीर विचार या निमित्ताने झाला, आणि विश्वसनीय निर्देशांक नसतील तर असा कोणताही निर्णय अधांतरी राहतो हेही उघड झाले. पुढे एस. आर. देशपांडे यांच्या देखरेखीखाली देशातील अनेक केंद्रांवर कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या झाल्या आणि १९४६ साली सिमल्यास लेबर ब्यूरो स्थापन झाला.

१९४७ साली वरदाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने सर्वांत खालच्या नोकरासाठी ३० रुपये मूळ वेतन आणि २५ रुपये महागाई भत्ता, एकूण ५५ रुपये, अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरण्यांतही त्याच वर्षी औद्योगिक न्यायालयाने २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये किमान मूळ वेतन ठरविले. या निर्णयांनी कामगाराला हे तत्त्व मिळवून दिले की भाव चढला तर त्याची मजुरी आपोआप काही अंशी चढावी.

हे तत्त्व गावातल्या पत्रेवाल्यापर्यंत पोचले नाही. त्याचा मालक ठरलेला नव्हता, कधी तो स्वतःच स्वतःचा मालक होता. त्याची मजुरी नगावर किंवा वजनावर ठरे. पत्रा महागला की वस्तूची किंमत वाढे, पण ती वाढ पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे जाई. धान्य महागले म्हणून घमेल्याची घडणावळ वाढवून मागावी, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाई. एन. एम. जोशी यांनी १९३६ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या नागरी हस्तव्यवसायांच्या अभ्यासापासून कारागिराच्या या परावलंबनाचा विचार महाराष्ट्रात होत आला आहे. एकाच कारागिरीचे दोन भाऊ असावेत, एकाला महागाईबरोबर वाढणारा पगार असावा आणि दुसऱ्याला गिऱ्हाइकाच्या मर्जीवरची घडणावळ, अशी ही स्थिती होती.

गरजेवर आधारलेले वेतन

१९४८च्या किमान वेतन कायद्याने असंघटित कामांसाठी दर ठरविण्याचा अधिकार सरकारांना दिला. पण किमान म्हणजे किती, याचे उत्तर जुलै १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. कमावता पुरुष १ एकक, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, असे मिळून ३ एककांचे कुटुंब. प्रत्येक एककाला आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार दररोज २७०० उष्मांक; कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड; सरकारी औद्योगिक वसाहतीतील किमान भाडे; आणि जळण, दिवाबत्ती व इतर किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले.

हे सूत्र कागदावर साधे दिसते. ते बाजारात नेले म्हणजे त्याचे वजन कळते. सातव्या वेतन आयोगाने याच सूत्रानुसार हिशेब करताना प्रत्येक एककाला दररोज ४७५ ग्रॅम धान्य आणि ८० ग्रॅम डाळ धरली. तीन एककांच्या घराला महिन्याला ४२.७५ किलो धान्य आणि ७.२ किलो डाळ लागते. दूध, भाजी, तेल, साखर त्याउपर. ज्याच्या घरात आईवडील आहेत, त्यांना या तीन एककांत जागा नाही. निमाड-खानदेशातील घरांत ती माणसे असतातच. २०१९ साली सत्पथी समितीने कुटुंबाचे माप ३.६ एककांपर्यंत वाढवावे असे सुचविले ते याच कारणास्तव महत्त्वाचे होते.

सीमेच्या दोन बाजू

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, पुढे महाराष्ट्रात आले. बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी जवळच्या नेपानगर येथील वृत्तपत्र-कागदाचा कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. २००३ साली पूर्व निमाडमधून बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. भाषेने, सोयरिकीने आणि केळीच्या व्यापाराने हा भाग रावेर-भुसावळशी जोडलेला राहिला. पण मजुरीचे दर ठरविणारी सरकारे दोन झाली. महाराष्ट्रात अभियांत्रिकी उद्योगाचे किमान वेतन परिमंडळांनुसार ठरते, मध्य प्रदेशात कौशल्याच्या श्रेणींनुसार सबंध राज्याला एकच. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे ज्वारीचा, तेलाचा, पत्र्याचा भाव एकाच वाऱ्याने हलतो. कायद्याने ठरलेली मजुरी मात्र वेगळी असते.

निर्देशांकाचीही तीच गोष्ट. लेबर ब्यूरोच्या १९६०च्या मालिकेत ५० केंद्रे होती, १९८२च्या मालिकेत ७०, २००१च्या मालिकेत ७८ आणि २०१६च्या मालिकेत ८८. केंद्रे वाढत गेली. त्यांत बऱ्हाणपूरचे नाव आले नाही. यंत्रमागांचे एवढे मोठे शहर असूनही इथल्या कामगाराचे भाडे, इथली भाजी, इथले डॉक्टरचे बिल मोजून काढलेला आकडा उपलब्ध होत नाही. भोपाळ, इंदूर, जबलपूर यांचा आणि सबंध देशाच्या सरासरीचा आकडा त्याला लागू पडतो असे गृहीत धरावे लागते.

आजचा हिशेब

तरीही त्या सरासरीवरून काही ताळा मांडता येतो. १९६०च्या मालिकेचा १९८२शी जोडणी गुणक ४.९३, १९८२चा २००१शी ४.६३ आणि २००१चा २०१६शी २.८८. हे तिन्ही गुणून त्यात २०२४ सालच्या सुमारे १४१ या निर्देशांकाची भर घातली की १९६०च्या एका रुपयाचे काम करण्यास २०२४ साली सुमारे ९३ रुपये लागतात असे दिसते.

मध्य प्रदेश सरकारने २०१४नंतर किमान वेतनाची मूळ फेररचना केली ती १ एप्रिल २०२४पासून. इंदूर खंडपीठाच्या स्थगितीमुळे तिची अंमलबजावणी मध्यंतरी थांबली आणि स्थगिती उठल्यावर २०२५ साली पुन्हा सुरू झाली. त्या आदेशानुसार अकुशल कामगाराला महिना ११,८०० रुपये आणि कुशल कामगाराला १४,५१९ रुपये ठरले होते. पत्राकाम शिकलेला माणूस कुशल वर्गात मोडतो. २६ दिवसांनी भागले तर त्याचा रोज सुमारे ५५८ रुपये पडत होता.

२०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा आधारभूत भाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. किरकोळ बाजारातील भाव याहून अधिक असतो; पण हा भाव धरला तरी कुशल कामगाराच्या रोजात साधारण साडेसोळा किलो ज्वारी येते. अकबराच्या सुताराला साडेसतरा किलो येत होती. अकुशल मजुराचा रोज त्याच मापाने सुमारे साडेतेरा किलो, म्हणजे तेव्हाच्या ५ किलोंच्या अडीचपटीहून अधिक. या तुलनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की अंगमेहनतीचे मोल वाढले, आणि ती वाढ न्याय्य आहे. तिच्यामागे शतकभराच्या चळवळी आणि कायदे उभे आहेत. दुसरा असा की कौशल्याचे मोल धान्याच्या मापाने जिथे होते तिथेच थांबले. तेव्हाचे साडेतीन पटींचे अंतर आता सव्वापटीपेक्षाही कमी आहे. चार-पाच वर्षे उस्तादाच्या हाताखाली बोटे कापून घेत शिकलेल्या कारागिराला, कालच कामावर आलेल्या माणसापेक्षा महिन्याला २,७१९ रुपये अधिक मिळावेत असे कायदा म्हणतो. मुलांनी हा धंदा पुढे का चालवावा, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात शोधावे लागते.

शिवाय ज्वारी हे आता अपुरे माप आहे. १९२१-२२ साली मुंबईच्या कामगाराच्या खर्चात अन्नाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. लेबर ब्यूरोच्या १९८२च्या मालिकेत अन्नाचा भार ५७ टक्के, २००१च्या मालिकेत सुमारे ४६ आणि २०१६च्या मालिकेत सुमारे ३९ टक्के झाला. याचा अर्थ माणूस कमी खातो असा नसून भाडे, शाळेची फी, औषधे, वीज, मोबाइल, प्रवास यांनी त्याच्या मिळकतीत जागा घेतली असा आहे. धान्य स्वस्त राहूनही घर महाग होऊ शकते.

दुसरी तुलनाही करून पाहावी. सातव्या वेतन आयोगाने १९५७चेच सूत्र वापरून केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराचे मूळ वेतन २०१६ साली १८,००० रुपये ठरविले. जानेवारी २०२४ मध्ये त्यावरील महागाई भत्ता ५० टक्के झाला. एकूण २७,००० रुपये. म्हणजे केंद्राच्या सर्वांत खालच्या पायरीवरील नोकराला जे मिळते त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक कुशल पत्राकारागिराला कायद्याने देय ठरते. सूत्र एक, पोट एक, बाजार एक. देणारे मात्र वेगळे.

आणि हे सारे ज्याला मालक आहे त्याच्यासाठी. स्वतःच्या दुकानात बसणाऱ्या पत्रेवाल्याला किमान वेतन नाही, भत्ता नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, कुलपे करणारा आहे, हातोडे व अवजारे करणारा आहे, सोनार आहे. पत्राकाम करणाऱ्याचे स्वतंत्र नाव नाही. १९४८च्या कायद्याची जागा घेणारी २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि तिने किमान वेतनाचे संरक्षण सर्व नोकरदारांपर्यंत नेण्याचे तत्त्व स्वीकारले. पण ज्याचा मालक गिऱ्हाईक हाच आहे, त्याचे रक्षण कोणती संहिता करणार? बलुत्यात ज्याचे नाव नव्हते त्याचे नाव नव्या यादीतही राहून गेले.

दरम्यान त्याचा बाजारही आकसला. प्लास्टिकची बादली, स्टेनलेस स्टीलचा डबा, कारखान्यात ठोकलेली कपाटे यांनी त्याच्या जुन्या वस्तू घेतल्या. सरकारी राष्ट्रीयीकरणात गेलेल्या ताप्ती मिलचे उत्पादन २०२०च्या टाळेबंदीत थांबले आणि गिरणीच्या पगारावर चालणाऱ्या परिसरातील गिऱ्हाइकीलाही त्याचा धक्का बसला. उरले ते हंगामी काम: मार्च ते मे कूलर, मे-जून छपरे आणि पन्हळी. वर्षातील चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवावी लागते. महिन्याच्या पगाराचे कोणतेही सूत्र या गणिताला नीट बसत नाही.

स्थानिक मापाची गरज

या इतिहासातून निघणारे तात्पर्य सरळ आहे. आग्र्याचे दरपत्रक, नागपूरचा निर्देशांक, देशाची सरासरी या तिन्हींनी बऱ्हाणपूरच्या कारागिराला बाहेरून मोजले. त्याची मजुरी वाढली की घटली याचे खरे उत्तर त्याच्याच बाजारात मिळू शकते, आणि त्यासाठी त्या बाजाराची नोंद हवी. अशी नोंद अगदीच नाही असेही नाही. जुन्या मराठी व हिंदी वृत्तपत्रांतील बाजारभावाचे रकाने, बाजार समित्यांच्या वह्या, दुकानांच्या रोजमेळी, घराघरांत जपलेल्या वाणसामानाच्या याद्या आणि पत्रेवाल्यांच्या घडणावळीच्या चिठ्ठ्या हे सारे त्या इतिहासाचे साधन आहे. यांतील बहुतेक कागद रद्दीत जातात, कारण त्यांत राजाचे नाव नसते.

शंभर वर्षे ग्रंथ जतन करणाऱ्या संस्थांनी आता अशा कागदांसाठीही एक कपाट राखून ठेवावयास हवे. जसोंडीत आणि बऱ्हाणपुरात अमुक वर्षी ज्वारी काय भावाने होती, खोलीचे भाडे काय होते, आणि एका बादलीच्या घडणावळीचे किती पैसे मिळत होते, या तीन ओळी दरवर्षी लिहून ठेवल्या तरी पुढील पिढीच्या अभ्यासकाला निर्देशांकाच्या सर्व तक्त्यांपेक्षा त्यांचे मोल अधिक वाटेल. आणि मजुरीच्या वाटाघाटीत बसलेल्या कामगाराला आपल्या गावाचा आकडा आपल्या हाती आहे, एवढा आधार तरी त्यातून मिळेल.